कॅसेटमधलं जातं

१९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं बोचकी बांधून आपापल्या गावी परतली. माझा मामा त्यांतलाच एक. पाटण तालुक्यातल्या आमच्या आजोळी तो आला तेव्हा त्याच्या सामानात एक टू-इन-वन होता, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र. शेतीत रुळायला त्याला वेळ लागला, पण त्या यंत्रानं त्याला एक वेगळंच काम लावून दिलं. जिथं जातं फिरतंय, हळद दळतायत, बारशाचा पाळणा म्हणतायत, तिथं तो यंत्र घेऊन जायचा, कोपऱ्यात ठेवायचा, रेकॉर्डचं आणि प्लेचं बटण एकदम दाबायचा आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसायचा. बाप्या माणूस समोर नसला की बायका मोकळ्या गळ्यानं गातात, हे त्याला बरोबर कळत होतं.

दहाएक वर्षं त्यानं हे केलं. दळण पिठाच्या गिरणीवर जाऊ लागलं, जाती लग्नातल्या हळदीपुरती उरली आणि कॅसेटी एका ट्रंकेत भरून माळ्यावर गेल्या. मामा गेल्यावर मामीनं ती ट्रंक खाली काढली आणि म्हणाली, “तुझ्या मामानं जीव लावून जपलंय. आता तू बघ काय करायचं ते.”

जुन्या कॅसेटी संगणकात उतरवायच्या म्हटलं की लोक आधी सॉफ्टवेअरचं बोलतात. कुठलं घ्यायचं, आवाज साफ कसा करायचा, खरखर कशी काढायची. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. टेप प्लेअरमध्ये घालण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं, आणि हेडनं, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणाऱ्या भागानं, टेपवरून जे नीट उचललं नाही ते पुढं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही. म्हणून इथं संगणकापेक्षा स्क्रू, फोम आणि रबराबद्दल जास्त लिहिते आहे.

पाटणचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना माळ्यावरच्या ट्रंकेचं काय होतं हे सांगायला नको. काही कॅसेटींच्या खिडकीतून पाहिलं तर टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसत होते. ती बुरशी. अशा कॅसेटी पहिल्याच दिवशी वेगळ्या काढल्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवल्या आणि चांगल्या कॅसेटींच्या जवळपासही फिरकू दिल्या नाहीत. बुरशी लागलेली एक टेप डेकमध्ये वाजवली की तिचे कण हेडवर आणि रोलरवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागतात. शिवाय ती धूळ नाकातोंडात जाणं बरं नाही. त्यांना हात लावताना मास्क हवाच.

उरलेल्यांत सोनीच्या एचएफ होत्या, टीडीकेच्या डी होत्या, मेलट्रॅकच्या होत्या, आणि बऱ्याचशा नव्वद मिनिटांच्या. मामाचा हिशेब साधा असणार, एका कॅसेटमध्ये जास्त मावतं. पण नव्वदची टेप साठच्या टेपपेक्षा पातळ असते. साठची जाडी साधारण १८ मायक्रॉन, नव्वदची १२. पातळ टेप ताणली जाते, रोलरभोवती गुंडाळली जाते आणि तिच्यात शेजारच्या थराचा आवाज उतरतो. काही ओव्यांत हे स्पष्ट ऐकू येतं. बाई गायला लागायच्या दीड-दोन सेकंद आधी तीच ओळ, तोच आवाज, अगदी दुरून आल्यासारखा ऐकू येतो आणि मग खरी ओळ सुरू होते. वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेल्या टेपमध्ये एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर थोडं उमटतं, त्याचा हा परिणाम.

सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे तपासले आणि शाबूत असतील तर मोडून टाकले. ते मोडले की त्या कॅसेटवर चुकूनही नवं रेकॉर्डिंग होत नाही. काही कॅसेटींवर मामानंच त्या जागी चिकटपट्टी लावली होती. त्या मुळात विकत आणलेल्या सिनेगीतांच्या कॅसेटी होत्या आणि कोरी कॅसेट नसेल तेव्हा त्यानं त्यांवरच ओव्या भरल्या होत्या. त्या चिकटपट्ट्याही काढल्या.

मग कवचाची दुरुस्ती. कॅसेट उघडून पाहिली तर टेपच्या मागं, बरोबर मध्यभागी, तांब्याच्या रंगाची एक पातळ पट्टी किंवा फोमची गादी असते आणि तिच्यावर नखाएवढा फेल्टचा तुकडा. हा तुकडा टेपला हेडवर दाबून धरतो. खाली फोम असेल तर तो इतक्या वर्षांत भुगा होऊन गळतो, पट्टी असेल तर डिंक सुटून फेल्ट पडतो. मग आवाज येतो पण गोधडीखालून आल्यासारखा, मध्येच जातो, मध्येच परततो. लोक अशी कॅसेट ‘खराब झाली’ म्हणून टाकून देतात. टेपला काहीही झालेलं नसतं. ज्या कॅसेटींना पाच स्क्रू आहेत त्या उघडणं सोपं. ज्यांचं कवच कारखान्यातच चिकटवून बंद केलेलं आहे, त्यांची शिवण ब्लेडनं हळूहळू फोडावी लागते, आणि आतली दोन्ही चक्रं टेपसकट उचलून स्क्रूवाल्या दुसऱ्या कवचात बसवावी लागतात. त्यासाठी भाषणांच्या नकोशा कॅसेटी रद्दीवाल्याकडून आणल्या. नवं कवच बंद करताना दोन्ही बाजूंचे गुळगुळीत कागद आत राहिले आहेत ना, टेप दोन्ही कोपऱ्यांतल्या छोट्या चाकांवरून गेली आहे ना, हे पाहायचं. हे काम जेवणाच्या टेबलावर, पंखा बंद करून, पांढऱ्या चादरीवर करावं. स्क्रू पडला तर दिसतो.

आता वाजवायचं कशावर? थेट संगणकाला जोडायचे छोटे प्लेअर ऑनलाइन स्वस्तात मिळतात. त्यातला एक मी मागवून पाहिला. मोटरचा वेग डळमळत होता, लांबवलेला सूर थरथरत होता, आणि हेडचा स्क्रू हाताला लागेल अशी सोयच नव्हती. तो परत केला आणि पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊन घरगुती स्टिरिओचा एक जुना डेक शोधला. जुन्या डेकमध्ये रबरी पट्टे हमखास गेलेले असतात, काहींचे तर वितळून डांबर होतं. तपकीर गल्लीच्या परिसरात अजून असे कारागीर आहेत की पट्ट्याची लांबी बोटांवर मोजून तसाच दुसरा काढून देतात. माझ्या डेकचे पट्टे आणि टेप ओढणारा रबरी रोलर त्यांतल्या एकानं बदलून दिला. पैसे देताना मी काय वाजवणार म्हणून त्यांनी विचारलं. जात्यावरच्या ओव्या म्हटल्यावर त्यांनी हेडची उंची पुन्हा एकदा तपासली आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

रोजचा क्रम मग ठरून गेला. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि धातूचा दांडा पुसायचा, काडी काळी येणं थांबेपर्यंत. रबरी रोलरला अल्कोहोल लावायचं नाही, तो कडक होतो, त्याला साबणाच्या पाण्यात ओलवलेलं फडकं. कॅसेट आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुढं आणि मग मागं फिरवायची, म्हणजे चिकटलेले थर सुटतात आणि गुंडाळी सारखी बसते. फार अडकणारी असेल तर पेन्सिल घालून हातानं.

आणि मग तो स्क्रू. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू असतो. हेडमधली फट टेपच्या चालीला बरोबर काटकोनात आहे की नाही, हे तो ठरवतो. मामाच्या टू-इन-वनचं हेड थोडं कललेलं होतं, त्यामुळं त्यावर भरलेलं सगळंच कललेलं आहे. सरळ हेडवर ते वाजवलं की वरचे सूर नाहीसे होतात. आवाज असतो, पण शब्द कळत नाहीत. कानाला हेडफोन लावून, दोन्ही चॅनल एकत्र करून, टेप चालू असताना तो स्क्रू पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे फिरवत बसायचं. एका जागी अचानक आवाज उघडतो. पहिल्यांदा हे झालं ते ‘पहिली माझी ओवी गं’ या ओळीवर. आधी नुसता हेल ऐकू येत होता. स्क्रू जागेवर आला आणि बांगड्या ऐकू आल्या. जात्याचा खुंटा हातात फिरताना काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटतात, तो आवाज दर फेऱ्याला येत होता. नंतर ‘स’ आणि ‘च’ वेगळे झाले आणि ओवीत कुठल्या गावाचं नाव घेतलंय तेही कळलं. याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याही पायरीनं पडला नाही. मामाचं यंत्र तेच असलं तरी त्याचं हेड वर्षागणिक सरकत गेलेलं दिसतं, म्हणून प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागलं.

दुसरी अडचण वेगाची. गावात वीज होती पण भरवशाची नव्हती, त्यामुळं मामा पुष्कळदा मोठ्या सेलवर रेकॉर्डिंग करायचा. सेल उतरत आले की मोटर मंदावते आणि टेप सावकाश सरकते. तीच टेप आज योग्य वेगानं, म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनं, वाजवली की आवाज चिरका आणि घाईचा येतो. साठीची बाई पंधरा वर्षांच्या पोरीसारखी गाते. विजेवर भरलेल्या टेपांत ५० हर्ट्झची बारीक गुणगुण असते, ती मोजून वेगाचा अंदाज येतो, जरी त्या काळी विजेची वारंवारताच बरीच खाली-वर होत असे. सेलवरच्या टेपांत तीही नाही. बायका काही पेटीच्या सुरावर गात नव्हत्या, तेव्हा सूर कशाशी ताडायचा?

एका पहाटेच्या टेपेत उत्तर सापडलं. दळण चालू आहे, आणि शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावून ठेवलाय. प्रसारण सुरू होतं आणि आकाशवाणीची ती धून वाजते. वॉल्टर काउफमन यांनी १९३६ मध्ये बांधलेली, व्हायोलिन आणि तंबोऱ्याची, सगळ्या भारताच्या कानात बसलेली. धून बदललेली नाही, तिचा सूर ठरलेला आहे. टेपेतली धून आणि मूळ धून शेजारी ठेवून वेग कमी करत गेले, दोन्ही जुळल्या, आणि त्याबरोबर ओवी म्हणणारीचं वय परत आलं. तिचा खरा आवाज एकदा कळल्यावर ती ज्या ज्या टेपेत आहे तिथं तोच मापदंड धरला. टेपेच्या शेवटाकडे सेल आणखी उतरतात, म्हणून पूर्ण बाजूला एकच दुरुस्ती चालत नाही, टप्प्याटप्प्यानं करावी लागते. मूळ, न दुरुस्त केलेली फाइल मात्र वेगळी जपून ठेवलीच.

संगणकाचा भाग त्यामानानं सरळ. डेकच्या लाइन-आउटमधून तार काढून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकाला कळेल अशा रूपात बदलणाऱ्या छोट्या डब्यात, तिथून यूएसबीनं संगणकात. माइकच्या भोकात तार घालायची नाही, तिथं आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. पातळी अशी ठेवायची की सगळ्यात मोठा आवाजसुद्धा वरच्या रेषेच्या सहा डेसिबल खाली राहील. घाई करायला वाव नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते आणि तेवढा वेळ समोर बसावंच लागतं, कारण टेप कधी अडकेल सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते आवाज ‘स्वच्छ’ करण्यानं. नॉइज रिडक्शनचं तंत्र असं की टेपेतला एक रिकामा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा, म्हणजे ‘हा नॉइज’ असं ते शिकतं आणि सगळीकडून तो वजा करतं. मी हळदीच्या एका टेपेवर करून पाहिलं. दोन ओव्यांच्या मधला तुकडा निवडला. परिणाम ऐकला आणि अंगावर काटा आला. गाणं राहिलं होतं, जातं नाहीसं झालं होतं. सारखी, न थांबणारी घरघर म्हणजेच नॉइज, असं त्या गणिताला वाटलं, आणि त्याच्या दृष्टीनं ते बरोबरही आहे. पण ओवीची लय त्या घरघरीवरच उभी असते. दगडाच्या फेऱ्यावर ओळ वळते, वैरणीची, म्हणजे दळायच्या दाण्यांची, मूठ घालताना थांबते, दगड जड झाला की शब्द लांबतो. जातं काढून घेतल्यावर त्या बायका पोकळीत गात असल्यासारख्या वाटायला लागल्या. शब्दांच्या कडांवर पाण्यातून आल्यासारखा किणकिणाट होता तो वेगळाच.

तेव्हाच ठरवलं की लोकांसमोर ठेवायच्या प्रतीतसुद्धा खरखर राहू द्यायची. फक्त अगदी खालची गुणगुण कापली आणि मोटरचे खटके काढले, बाकी काही नाही. टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा असायची. गाणं थांबलं की ती कान मोठे करते, आणि मग लांबची कोंबडी, चुलीतलं लाकूड, ओसरीवर मामाचं खोकणं हे सगळं पुढं येतं. ओळ सुरू झाली की पुन्हा मागं जातं. हेही सपाट करता आलं असतं. केलं नाही.

फाइली तयार झाल्यावर त्या घेऊन मी गावी गेले, कारण कव्हरवर मामानं फक्त ‘हळद’, ‘दळण’, ‘पाळणा’ एवढंच लिहिलं होतं, क्वचित एखादं साल. कोण गातंय हे मामीला आणि तिच्या शेजारच्या आक्कांना विचारायचं होतं. मामी सुरुवातीला लांबून ऐकत होती. मग एका आवाजावर ती चटकन म्हणाली, “ही चुलतीच की माझी. दात पडल्यानंतरची हाय ही.” आक्का तर ओवी अर्धी झाली की पुढची अर्धी स्वतः म्हणत होत्या, आणि टेपेतली ओळ त्यांच्या ओळीपेक्षा वेगळी निघाली की टेपेवर रागावत होत्या. मी वहीत मिनिट आणि सेकंद लिहून त्यांच्यापुढं नाव, माहेर, सासर लिहीत गेले. हे काम आणखी दहा वर्षांनी करताच आलं नसतं.

एका दळणाच्या टेपेत गाणं थांबतं आणि एक म्हातारी भूकंपाचं सांगायला लागते. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटेची वेळ. ती तारीख सांगत नाही, ती सांगते की भांडी फळीवरून एकेक न पडता सगळी एकदम पडली, जनावरं दावी तोडायला लागली, आणि धरण फुटलं म्हणून सगळे डोंगराच्या बाजूनं पळत सुटले. बोलताना तिचा हात थांबलेला नाही, जातं चालूच आहे. मामा ओसरीवर होता, त्यानं आत येऊन टेप बंद केली नाही. कॅसेटची बाजू संपते तिथं तिचं वाक्य तुटतं. बाजू उलटली की पुन्हा ओव्या.

आता प्रश्न होता ऑनलाइन ठेवण्याचा. ओव्यांचे शब्द परंपरेनं आलेले, त्यांच्यावर एका कुणाची मालकी नाही. पण गाणारीचा हक्क आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क ५० वर्षं टिकतो, आणि या टेपा त्या मुदतीच्या आतल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी या बायका ज्या विश्वासानं गायल्या तो मामावरचा होता, इंटरनेटवरचा नव्हता. जात्यावर बाई सासूबद्दल बोलते, दिराबद्दल बोलते, माहेरच्यांनी न्यायला उशीर केला म्हणून भावाला नावं ठेवते. काही ओव्यांत माणसांची खरी नावं आहेत आणि त्यांची नातवंडं आज त्याच आळीत राहतात.

म्हणून घरोघर गेले. ज्या हयात आहेत त्यांना स्वतःला फोनवर ऐकवलं, ज्या नाहीत त्यांच्या लेकीसुनांना. बहुतेकींनी हसून होकार दिला. एका घरी सुनेनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आत्याबाईंचं हे घरातच राहूदे. आम्हाला द्या, पर बाहेर नको.” तिला पेनड्राइव्हमध्ये दिलं आणि ती टेप बाहेर ठेवलेली नाही, ठेवणारही नाही. ज्या ओव्यांत कुणाचं नाव घेऊन गाऱ्हाणं आहे त्याही मूळ फाइलीत आहेत, सार्वजनिक प्रतीत नाहीत.

ज्यांना होकार मिळाला त्या इंटरनेट आर्काइव्हवर चढवल्या, मूळ दर्जाच्या फ्लॅक फाइली आणि ऐकायला हलकी एमपीथ्री अशा दोन्ही. प्रत्येकीखाली गाणारीचं नाव, गाव, अंदाजे साल आणि कुठं काय दुरुस्ती केली ते लिहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे आवाजाचा दर्जा पुरेसा चांगला राहतो. सिनेगीतांवर भरलेल्या टेपांत शेवटी ओव्या संपतात आणि खालचं जुनं गाणं वर येतं. तो तुकडा सार्वजनिक प्रतीतून कापला. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांचा असतो. ट्रंकेतल्या विकतच्या कॅसेटी म्हणूनच मी चढवलेल्या नाहीत.

हे करताना गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रभर फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची फार मदत झाली. लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो. आपल्या टेपेतली अर्धवट ऐकू येणारी ओळ तिथं दुसऱ्या गावच्या बाईच्या तोंडी पूर्ण सापडते, आणि मग आपल्या टेपेतला न कळलेला शब्द कानाला लागतो.

बुरशीच्या कॅसेटी अजून डब्यातच आहेत. त्यांच्यासाठी एक वेगळा, गेला तरी चालेल असा डेक बाजूला काढलाय. मार्च-एप्रिलची कोरडी हवा आली की त्या उघडून, कोरड्या मऊ कापडावरून टेप सावकाश फिरवून घ्यायची आहे. त्यांतल्या एकीवर मामाच्या अक्षरात ‘आई – पहाट’ असं लिहिलंय, आणि आज्जीची दुसरी कुठलीच टेप ट्रंकेत नाही, म्हणून ती मी सर्वात शेवटी घेणार आहे, बाकीच्यांवर हात बसल्यावर.